निवारा असून उघड्यावर

वसंतातल्या संध्याकाळी, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, थंडीचा विषय काढणे थोडे विचित्र दिसेल. परंतु थंडीच्या दिवसांत हा विषय निघतो तेव्हा ऐकणाराच्या मनात कणव दाटलेली असते, आणि सकाळी ऊन पडले की ती ओसरते. शांतपणे विचार करायचा तर हाच काळ बरा, असे आम्हांस वाटते.

प्रश्न असा आहे. पौषातली रात्र आहे. बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस गोणपाट पांघरून मुटकुळे करून निजला आहे. शहरात पालिकेचा निवारा आहे. तेथे छप्पर आहे, पांघरूण आहे, पैसाही पडत नाही. कोणी भला गृहस्थ त्याला हलवून म्हणतो, ‘बाबा, उठा, तिकडे चला.’ तो नुसती मान हलवतो आणि कूस बदलतो. गृहस्थ घरी येऊन सांगतात, ‘या लोकांना सवयच झालेली असते हो. यांना कुठे थंडी वाजते?’

वाजते. आणि आपल्याकडच्या थंडीनेही जीव जातो, त्याला बर्फ पडावे लागत नाही. डिसेंबर २०२१ च्या आरंभी आपल्या आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूर या भागांत अवकाळी पाऊस झाला आणि त्यावर गार वारा सुटला, हे पुष्कळांना आठवत असेल. उघड्या रानात बसलेल्या शेकडो मेंढ्या त्या गारठ्याने मेल्या. ज्यांच्या लोकरीची घोंगडी आपण पांघरतो त्या जनावरांची ही गत, मग माणसाचे काय? ओल्या अंगावरून वारा गेला की अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. माणसाच्या शरीराची उष्णता साधारण ३७ अंश असते; ती ३५ च्या खाली उतरली की हुडहुडी भरते, बोलणे जड होते, बुद्धीला भ्रम पडतो. आणखी उतरली की हुडहुडी थांबते, आणि जवळच्यांना वाटते, बरे झाले, झोप लागली! दारूने ऊब येते हाही भ्रमच. दारूने कातडीखालच्या शिरा फुगतात, अंग गरम लागते, आणि आतली ऊब तेवढी बाहेर निघून जाते.

आता त्याच मेंढपाळांची गोष्ट पुरी करू. त्या रात्री त्यांना कोणी म्हटले असते, ‘पाव्हणं, शाळेची खोली मोकळी आहे, या निजायला,’ तर वाड्यावरचा कोण आला असता? रानात मेंढरे आहेत, घोडे आहेत, कुत्री आहेत, आणि ऊस म्हटला की आपल्या तालुक्यांत बिबट्याही आहे. मेंढरे सोडून तो येणार नाही आणि त्याला आपण मूर्खही म्हणत नाही, कारण त्याचे धन आपल्या डोळ्यांना दिसते. रस्त्यावर निजणाऱ्याचे धन दिसत नाही, एवढाच फरक आहे.

ते धन म्हणजे काय? उशाखालचे गाठोडे. त्यात एखादे जर्मनचे पातेले, थाळी, आधारकार्ड, औषधाची चिठ्ठी. भंगार वेचणाऱ्याचे दिवसभराचे पोते. हातगाडी. निवाऱ्याच्या खोलीत पन्नास-साठ अनोळखी माणसांत हे कोठे ठेवायचे? कुलपाचा कप्पा नसेल तर चोरी ठरलेलीच, आणि हातगाडी तर आत घेतच नाहीत. त्याशिवाय जागा हेही धन आहे. जी पायरी महिनोन्‌महिने वहिवाटीने आपली झाली, ती एक रात्र सोडली तर दुसरा येऊन बसतो. मजुरीचे तेच. बाजार समितीत पहाटे गाड्या लागतात. हमालाला तेव्हा तेथे असावे लागते. दोन कोसांवरच्या उबदार खोलीचे दार सहाला उघडत असेल, तर त्या उबेची किंमत एक दिवसाची मजुरी!

मग माणसे. निवारे बहुतेक पुरुषांचे असतात, बायकांचे थोडे, आणि नवरा-बायको-मुले एकत्र राहतील असे त्याहून थोडे. रस्त्यावर जन्म गेलेल्या जोडप्याला रात्री दोन दारांनी आत जा म्हणणे हे आपणांस सोयीचे वाटते, त्यांना नाही वाटत. ज्याचा सोबती कुत्रा आहे, त्याला तर विचारतही नाहीत. आणि आतली स्थिती? ढेकूण, शेजारच्याचा रात्रभर चाललेला खोकला, कोणाची भांडणे. प्यालेल्याला बहुधा दारातूनच परत पाठवतात. शिस्तीसाठी ते करावे लागत असेल. पण थंडीने सर्वांत आधी मरायचा तोच असतो. ज्याचे मन बिघडलेले आहे, त्याला तर बंद खोली आणि गर्दी यांचीच दहशत असते.

यात एक भीती कायद्याने घातलेली आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचे दिसते साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेसुद्धा भीक मागण्यात मोडते, आणि पकडलेल्याला भिक्षेकरी गृहात धाडता येते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील मुख्य कलमे त्या शहरापुरती घटनाबाह्य ठरवली. पण ज्याने एकदा ती गाडी पाहिली आहे, त्याला रात्री आलेली दुसरी सरकारी गाडी निवाऱ्याकडे जाते की भिक्षेकरी गृहाकडे, हे कसे कळावे?

सरकारने काहीच केले नाही असे मात्र नव्हे. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पालिकेने ऐन थंडीत मोडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१० सालच्या आदेशांतून मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, बारमाही व चोवीस तास उघडा निवारा हे माप पुढे आले. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यांत महाराष्ट्रातले दोन लाखांवर. निवारे कमी आहेत हे खरे; परंतु जे आहेत त्यांतही जागा रिकाम्या राहतात आणि बाहेर माणसे कुडकुडतात, हे कोडे मापाने सुटत नाही. त्याच दिल्लीत जामा मशिदीच्या आसपास रात्रीपुरती रजई आणि खाट भाड्याने मिळते. म्हणजे माणूस गाठीचे पैसे मोडून उघड्यावर निजतो! मूर्खपणा म्हणावा, तर हे पैसे त्याने घाम गाळून मिळवलेले असतात. इंग्लंडातही हेच होते. तेथल्या वर्कहाउसांच्या भटक्यांसाठी राखलेल्या कोठड्यांत झडती घेत, तंबाखू काढून घेत, बाहेरून कुलूप लावीत. जॉर्ज ऑर्वेल स्वतः त्यांत राहून आला आणि १९३३ साली त्याने ते पुस्तकात लिहिले.

आपल्याकडे ही गोष्ट ज्याने नीट ओळखली तो माणूस स्वतः चिंध्या पांघरून, गाडगे घेऊन हिंडत होता. गाडगे महाराजांच्या काळी धर्मशाळा पुष्कळ होत्या, पण दारात जात विचारीत. ज्याची जात दारात अडे तो पंढरीच्या वाळवंटात कुडकुडे. महाराजांनी पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा उभी केली, ती पुढे डॉ. आंबेडकरांच्या संस्थेकडे गेली. मुंबईत जे. जे. इस्पितळाजवळ बांधली ती रोग्यांच्या नातलगांसाठी, कारण आजारी माणसाला सोडून कोणी लांब निजायला जात नाही. धर्मशाळेत गाठोडे आपल्या उशाशी राहते, बायकामुले जवळ राहतात आणि चूल आपली आपण मांडता येते.

मंचरला लाखाच्या मापाने काही मिळायचे नाही. पण पुणे-नाशिक रस्त्यावरचे, बाजाराचे गाव आहे. कोणी ना कोणी येथे रात्री अडकतोच. ज्या ठिकाणी तो आधीच टेकला आहे, तेथून हाकेच्या अंतरावर एक पडवी मोकळी करता येईल. गाडी आणि कुत्रे दोन्ही आत येऊ द्यावीत, आणि पहिल्या रात्री नाव विचारू नये. एवढे करूनही एखादा येणार नाही. त्याला तेथेच कोरडे घोंगडे द्यावे, आणि त्याआधी खाली घालायला पुठ्ठा किंवा पेंढा, कारण गार फरशी खालून ऊब ओढून घेते. मग मध्यरात्री कोणीतरी एकदा जाऊन हाक मारून यावे. ओ दिली तर परत फिरावे. जीभ अडखळत असेल, किंवा गारठलेल्या अंगाची थरथर थांबली असेल, तर ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, दारू पाजू नये, आणि १०८ ला फोन करून गाडी येईपर्यंत जवळ बसून राहावे.