अल्पसंख्याक वेगळे, मागास वेगळे

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाचे दिवस आले, की पालकांच्या हातात दाखल्यांच्या फाइली दिसू लागतात आणि कानावर ठरलेलं वाक्य पडतं : ‘यांचं काय, यांना सगळं फुकट!’ यातले ‘हे’ कधी बौद्ध असतात, कधी मुसलमान. 2011 च्या जनगणनेत या शहरात मुस्लीम सुमारे 31 टक्के आणि बौद्ध सुमारे 15 टक्के होते. म्हणजे हा टोमणा जवळपास निम्म्या गावाला आहे.

मुळात अल्पसंख्याक असणं आणि आरक्षण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुस्लीम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैन हे देशपातळीवरचे अल्पसंख्याक. त्यांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवायचा हक्क आहे, काही शिष्यवृत्त्या आणि योजना आहेत. पण निव्वळ अल्पसंख्याक म्हणून राज्याच्या नोकरीत एकही जागा राखीव नाही. बौद्धांना आरक्षण मिळतं ते धर्मांतरापूर्वीच्या अनुसूचित जातीमुळे, आणि केंद्रात तेही 1990 च्या दुरुस्तीनंतर.

मुसलमानांना 5 टक्के आरक्षण आहे, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. जुलै 2014 मध्ये तसा अध्यादेश निघाला होता. उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं तेवढं चालू ठेवलं. पण अध्यादेशाचा कायदा झालाच नाही आणि तो संपला. आज तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी यांना ओबीसीतून आणि छप्परबंदांना विमुक्त जातींतून लाभ मिळतो, तो जात मागास म्हणून. या याद्यांत नसलेला गरीब मुसलमान अटी पूर्ण करत असेल, तर ब्राह्मण-मारवाड्यांसारखाच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या (ईडब्ल्यूएस) 10 टक्क्यांत अर्ज करू शकतो. हे मात्र त्या मोहल्ल्यांतही अनेकांना ठाऊक नसतं.

‘त्यांची पोरं मदरशातच जातात’ हेही असंच. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी जेमतेम 4 टक्के मदरशात शिकत होती. त्याच अहवालात आयएएसमधले मुस्लीम सुमारे 3 टक्के होते. लाड झालेल्या समाजाचे आकडे असे नसतात.

फीचं म्हणाल, तर खुल्या प्रवर्गातल्या 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरालाही राजर्षी शाहू महाराज योजनेतून शुल्कात निम्मी सवलत मिळते. निर्वाह भत्त्यासह मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असलेल्या अनुसूचित जातीच्या घराला उत्पन्नाची मर्यादा आहे अडीच लाखांची. आणि ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं’ हे तर अर्धसत्य. दहा वर्षांची मुदत आहे ती लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना, आणि ती वेळोवेळी वाढवून आता 2030 पर्यंत नेली आहे. शिक्षण आणि नोकऱ्यांतल्या आरक्षणाला घटनेत मुदतच नाही.

खरी गोम आहे ती दाखल्यात. जात वैधतेसाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. 1950 साली मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुने कागद बरेचदा उर्दूत. ते वाचणारा आणि भाषांतर करून देणारा माणूस शोधावा लागतो. शिवाय आजोबा शाळेत गेले असतील तरच प्रवेश-निर्गम उतारा मिळणार आणि जमीन असेल तरच महसुली नोंद. ज्याच्या पिढ्या शाळेबाहेर आणि भूमिहीन राहिल्या, त्याच्याकडेच आपण मागासलेपणाचा लेखी पुरावा मागतो. भटक्यांचे तर हालच. पालावर जन्मलेल्या आजोबांची नोंद कोणत्या गावच्या दप्तरात शोधायची? वडील, काका किंवा आत्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. म्हणजे घरातल्या पहिल्या शिकणाऱ्याचीच वाट सर्वांत खडतर.

तेव्हा पोरगं नववीत गेलं की दाखल्यांच्या मागे लागा. आजोबांच्या गावच्या शाळेत जाऊन उतारा काढा, उर्दू कागद असेल तर भाषांतर करून घ्या, घरात कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत जपून ठेवा. प्रवेशाच्या रांगेत उभं राहिल्यावर यातलं एकही काम होत नाही.