लिंबाच्या बीत बाप सापडेल का?

श्रीगोंदा तालुक्यात ऊस आणि कांदा मोठा असला, तरी उन्हाचा चटका वाढला की आडतीवर बोलणं सुरू होतं ते कागदी लिंबाचं. ज्याच्या झाडावर तेव्हा माल, त्याची चांदी. पण हा निकाल आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच, हस्त बहराच्या फुलात लागलेला असतो. फुलापासून तोडणीपर्यंत पाच-सहा महिने जातात. फूल निघायला झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो आणि नेमका तेव्हाच पाऊस चालू असतो. जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहर त्यामानाने सहज येतो, पण त्याचा बराच माल पावसाळ्यात निघतो आणि तेव्हा लिंबाला कोण विचारतो?

बहराची एवढी काळजी करणारे आपण त्या फुलात डोकावत मात्र नाही. चार-पाच पांढऱ्या पाकळ्या, त्यांच्या आत वीस-पंचवीस पुंकेसरांचं कडं. त्यांचे दांडे तळाशी जुड्या बांधल्यासारखे जुळलेले आणि टोकाला परागकोशांच्या पिवळ्या पुड्या. मधोमध स्त्रीकेसर: वर चिकट कुक्षी, खाली कुक्षीवृंत आणि तळाशी हिरवा, मण्याएवढा अंडाशय. त्याच्या बुडाशी मकरंदाची चकती असते. मधमाशी येते ती तिच्यासाठी, पराग फक्त तिच्या अंगाला लागतात. काही फुलांत हा मणी खुरटलेलाच असतो. अशी फुलं कामापुरती नर, त्यांना फळ धरत नाही. झाडाखाली फुलांचा सडा दिसला की आपण लगेच औषधाची बाटली काढतो, पण त्या सड्यातला काही भाग ही निसर्गाचीच छाटणी असते.

अंडाशयाचं पुढे काय होतं, ते लिंबू आडवं कापलं की दिसतं. साधारण नऊ ते बारा फाका म्हणजे अंडाशयाचे तेवढेच कप्पे. टोकाचं बोंडुक म्हणजे कुक्षीवृंत गळाल्याची जागा. आणि रस भरलेल्या त्या इवल्या पिशव्या? त्या कप्प्यांच्या आतल्या भिंतीवर उगवलेले केस आहेत. सरबतात आपण पिळतो ते हेच.

खरी गंमत बीत आहे. शाळेत शिकलेलं द्विफलन आठवा. सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये ते उलगडलं. परागनलिकेतून दोन नरयुग्मकं येतात. एक अंडपेशीशी मिळून भ्रूण होतं, तर दुसऱ्यापासून भ्रूणाचं अन्न, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतं. लिंबातही हे सगळं रीतसर घडतं. पण त्याच बीजांडातल्या आईच्या साध्या पेशी आपणहून वाढू लागतात आणि बापाशिवायचे भ्रूण तयार करतात. एका बीत अनेक भ्रूण! संत्र्याच्या बीत असे एकाहून जास्त अंकुर लेव्हेनहूक यांनी 1719 मध्येच पाहिले होते. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी आणि एन. एस. रंगस्वामी यांनी 1958 च्या सुमारास लिंबूवर्गीय बीजांडातली ही ऊती काचेच्या नळीत वाढवून तिच्यातून भ्रूण मिळवले.

म्हणजे लग्न लागतं, पण लेकरं बहुतेक आईचीच नक्कल. परागणाशिवाय मात्र भागत नाही, कारण भ्रूणपोष नसेल तर या नकलांना खायला काही उरत नाही. बापाच्या वाट्याला येतं ते फक्त शिधा पुरवणं!

शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा सौदा फायद्याचा आहे. मोसंबी-संत्र्याला खुंटावर डोळा भरावा लागतो. कागदी लिंबू मात्र आपल्याकडे बियांपासूनच लावतात आणि तरीही बाग एकसारखी येते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती गावोगाव पोचली, त्यात बियांच्या या सवयीचा मोठा वाटा आहे. याची दुसरी बाजूही आहे. नक्कल चांगल्याची होते तशी वाईटाचीही होते. खैऱ्यानं खंगणाऱ्या, कमी धरणाऱ्या झाडाचं बी लावलं, तर पुढची पिढीही तशीच निघणार.

म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात. बाग फुलावर असताना कीटकनाशक मारू नका. मारावंच लागलं तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारा. आणि रोपवाटिकेत गेलात तर आधी मातृवृक्ष दाखवायला सांगा. मग वाफ्यातली खुरटलेली आणि भलतीच उंच वाढलेली, दोन्ही रोपं बाजूला काढा. पराग लागून झालेलं वेगळं वाण बऱ्याचदा त्यांच्यातच असतं. मधली, एकसारखी रोपं तेवढी घरी आणा.