विश्लेषण : गाडीची काच अडकली, मोटरच गेली की आणखी काही?

पेट्रोल पंपावर पैसे देण्यासाठी काच खाली केली आणि ती पुन्हा वर चढलीच नाही, तेवढ्यात पावसाची सर आली, असा अनुभव अनेक गाडीमालकांना येतो. गॅरेजमध्ये गेल्यावर बऱ्याचदा एकच उत्तर मिळते : ‘मोटर गेली, बदलावी लागेल.’ पण काच अडकण्यामागे दरवेळी मोटरच असते का? ते ओळखायचे कसे? आणि मोटर बदलावीच लागली, तर कोणती काळजी घ्यायची?

काच खाली-वर कशी होते?

पॉवर विंडोच्या प्रत्येक दारात १२ व्होल्टवर चालणारी एक छोटी मोटर असते. बटण एका बाजूला दाबले की मोटर सुलट फिरते, दुसऱ्या बाजूला दाबले की वीजप्रवाहाची दिशा बदलते आणि ती उलट फिरते. मोटरला जोडलेले गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. हा जोर काचेपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा म्हणजे रेग्युलेटर. काही गाड्यांत तो कात्रीसारख्या पट्ट्यांचा असतो, तर अनेक नव्या गाड्यांत पोलादी तार आणि प्लास्टिकच्या कप्प्यांचा. गिअरच्या रचनेमुळे बंद काच हाताने दाबून खाली येत नाही. चोरापासून संरक्षण देणारा हाच गुण मोटर बंद पडल्यावर अडचणीचा ठरतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न का नाही?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला. दारे बंद आणि काचा वर असलेली गाडी किती धोकादायक ठरू शकते, याची जाणीव तेव्हा अनेकांना झाली. गाडी पाण्यात गेल्यावर पॉवर विंडो काही क्षण चालू राहू शकते. त्या क्षणांत काच उघडणे हा बाहेर पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. पाण्याचा दाब वाढला की दार उघडणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे अडखळणारी काच ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ म्हणून लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नाही.

मोटर उघडण्याआधी काय पाहावे?

पहिला प्रश्न : एकच काच बंद आहे की सगळ्या? सगळ्याच बंद असतील तर चारही मोटरी एकाच वेळी जळण्याची शक्यता नगण्य. दोष फ्यूज, रिले किंवा चालकाच्या दारावरील मुख्य स्विचमध्ये असतो. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. तो पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज टाकणे किंवा तारेचा तुकडा लावणे म्हणजे आगीला निमंत्रण.

दुसरा प्रश्न : मागची काच फक्त मागच्या बटणाने चालत नाही, पण चालकाच्या बटणाने चालते का? तसे असेल तर मोटर ठणठणीत आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी असलेले लॉकचे बटण चुकून दाबले गेले आहे का, हे आधी पाहावे. ते नसेल तर त्या दाराचा स्विच खराब आहे.

तिसरा प्रश्न : काच खाली झरझर जाते, पण वर कण्हत येते का? मग संशय रबराच्या खाचेवर घ्यावा. धूळ आणि उन्हाने ही खाच कोरडी पडते, काच घट्ट धरते आणि मोटरवर ताण येतो. खाच ओल्या फडक्याने पुसून, सुकवून त्यात सिलिकॉन स्प्रे मारला तर अनेकदा काच मोकळी होते. ग्रीस किंवा इंजिन ऑइल मात्र लावू नये. त्यावर धूळ बसते आणि तेलाने रबर फुगते.

काच सतत खाली-वर केल्यावर बंद पडली आणि काही मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर घाबरू नये. तापलेली मोटर वाचवण्यासाठी अनेक मोटरींत तशी सोय असते. मात्र साध्या वापरातही असे होऊ लागले तर तो इशारा समजावा.

आवाजावरून काय कळते?

इंजिन बंद ठेवून, रेडिओ बंद करून, दाराला कान लावून बटण दाबावे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा करकर आवाज होऊन काच वाकडी होते, तर बहुधा रेग्युलेटरची तार तुटलेली असते किंवा प्लास्टिकचा भाग मोडलेला असतो. आवाज नाही, पण बटण दाबताच गाडीतला दिवा किंचित मंद होतो, तर वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे आणि मोटर किंवा काच जाम आहे. आवाजही नाही आणि दिवाही मंद होत नाही, तर वीज वाटेतच अडते आहे किंवा मोटर आतून तुटली आहे. बटण दाबून धरत दाराच्या आतल्या बाजूला हलकी थाप मारल्यावर काच चालू झाली, तर मोटरचे कार्बन झिजल्याची ती खूण असते. अशी मोटर आज चालली तरी फार दिवस साथ देत नाही.

पक्का निकाल कसा लागतो?

त्यासाठी दाराचे पॅड काढून मोटरचा कपलर सोडवावा लागतो. दोन तारांची साधी मोटर असेल तर कपलरच्या दोन टोकांना बल्ब जोडून बटण दोन्ही बाजूंना दाबले जाते. बल्ब दोन्ही वेळा लख्ख पेटला आणि तरीही मोटर फिरत नसेल, तर मोटर गेली. बल्ब पेटलाच नाही, तर मोटर बदलून उपयोग नाही. नुसता मल्टिमीटर इथे फसवू शकतो. गंजलेल्या जोडातूनही तो १२ व्होल्ट दाखवतो, पण मोटर ओढते तेवढा प्रवाह त्या जोडातून जात नाही. म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियन हेडलाइटचा जुना बल्ब वापरतात.

वीज येत नसेल तर दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली रबरी नळी तपासावी. दार हजारो वेळा उघडून-मिटून तिच्यातल्या तारा आतल्या आत तुटतात. बोट अडकले की आपोआप खाली येणाऱ्या काचांच्या मोटरीत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. तिथे बल्बची युक्ती करू नये, स्कॅनरच लावावा.

मोटर बदलताना धोका कुठे?

सुटे भाग घेताना पुढची-मागची आणि डावी-उजवी मोटर वेगळी असते, हे लक्षात ठेवावे. रेग्युलेटर चांगला असेल आणि त्या गाडीसाठी सुटी मोटर मिळत असेल, तर अख्खा संच घेण्याची गरज नसते.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो, त्याचा कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नये. काच वर घेऊन रुंद चिकटपट्टीने चौकटीला पक्की बांधावी, नाहीतर मोटर सुटताच ती दारात कोसळते. कात्रीच्या रेग्युलेटरला ताणलेली स्प्रिंग असेल, तर मोटर काढताच पट्टी जोरात फिरून बोटे चिरडू शकते. ती आधी जखडून ठेवावी लागते. त्यामुळे हे काम अनुभवी हातांकडेच सोपवणे बरे.

नवी मोटर बसल्यावर पॅड लावण्याआधीच काच पूर्ण खाली-वर करून पाहावी. एका झटक्यात बंद होणाऱ्या काचेला नवी हद्द शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद धरून ठेवले की हे होते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

पॅडच्या मागचे प्लास्टिकचे आवरण पुन्हा नीट चिकटवले का, हे विचारावे. काचेच्या फटीतून दारात उतरणारे पाणी हे आवरण आत येऊ देत नाही आणि खालच्या छिद्रांतून ते बाहेर जाते. आवरण फाटके राहिले तर पहिल्याच पावसात पायाखालचे कार्पेट भिजते. जुनी मोटरही मागून घ्यावी. बल्ब लावून तपासणी झाली होती का, हा एक प्रश्न विचारला तरी अनावश्यक खर्च टळू शकतो.

आणि काच दुरुस्त झाली तरी काच फोडण्याची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवावी. समोरची काच थरांची असल्याने सहज फुटत नाही, म्हणून घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घालायचा असतो. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही थरांच्या असतात. आपल्या गाडीत कोणत्या आहेत, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवावे.