मोटारसायकलची उडी: शिकायची असते ती उतरण्याची

वरच्या वर्गातल्या मुलांच्या मोबाईलमध्ये हल्ली एक प्रकारचा व्हिडिओ हमखास सापडतो. मोठी मोटारसायकल मातीच्या उंचवट्यावरून उडते, हवेत क्षणभर थांबल्यासारखी दिसते आणि व्हिडिओ संपतो. म्हणजे शिकण्यासारखं सुरू होतं तिथेच तो संपतो! मुलं विचारतात, "बाई, गाडी मोडत कशी नाही?" प्रश्न चांगला आहे. "असलं काही बघू नका" म्हणून तो उडवून लावण्यापेक्षा उत्तर देऊया.

आधी थोडं गणित. एक मीटर उंचीवरून खाली येणारी कोणतीही वस्तू जमिनीला टेकताना ताशी साधारण 16 किलोमीटर वेगाने खाली येत असते. हा वेग कुठेतरी जिरवावा लागतो. ते काम शॉकअ‍ॅब्सॉर्बर करतात. त्यांना दबायला जितकी जागा, तितका धक्का कमी. ढोबळ हिशेब असा: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, त्यात एक मिळवा. जे उत्तर येईल तितक्या पट भार सरासरी गाडीवर येतो.

रॉयल एन्फिल्डची जुनी 411 सीसी हिमालयन घ्या. वजन 199 किलो, पुढचे शॉक 200 मिलिमीटर दबतात, मागचं चाक 180. अर्धा मीटर उडी मारून सपाटीवर उतरली तर साडेतीन पट भार. एक मीटरला सहा पट! स्वार धरून 270 किलो समजा, आणि मुलांना गुणाकार करू द्या. खऱ्या मोटोक्रॉसच्या गाडीचं वजन याच्या निम्म्याच्या आसपास असतं आणि शॉक सुमारे 300 मिलिमीटर दबतात. व्हिडिओतल्या दोन गाड्या सारख्याच दिसतात, पण त्यांचं काम अगदी वेगळं. डोंगर-दऱ्यांतून लांबचा प्रवास करण्यासाठी बनवलेली जड गाडी लहान उड्या सोसते. मोठ्या उडीत रिम वाकते, हँडल वाकतं आणि स्वाराचं मनगट किंवा पाठीचा मणका दुखावतो.

मग शर्यतीतले स्वार एवढ्या उंचावरून कसे उतरतात? उतारावर. घसरगुंडीवर वरून बसलेलं मूल आणि ओट्यावरून फरशीवर उडी मारणारं मूल, दोघं सारख्याच उंचीवरून खाली येतात. पण घसरगुंडीवर वेगाची दिशा हळूहळू बदलते, म्हणून धक्का बसत नाही. ट्रॅकवर चढाएवढाच उतारही मापून बांधलेला असतो. जानेवारी 2024 मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली. तिथले मातीचे डोंगर मुद्दाम रचलेले होते.

आता आपल्या रत्नागिरीकडे बघा. आपल्याकडे काय आहे? सपाट जांभ्याचा सडा, गडगे आणि चिरेखाणी. चिरेखाण म्हणजे उभी कड आणि खाली सपाट दगडी तळ. उडीसाठी यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही, आणि पोरांना नेमकी तीच आवडते. पावसानंतर तर तळाशी पाणी साचतं, खोली कळतच नाही.

शिकवणारे जाणकार सुरुवातीला गाडी उडवायला देतच नाहीत. आधी फूटरेस्टवर उभं राहून चालवणं: गुडघे सैल, पण टाकीला टेकलेले, कोपरं बाहेर, नजर लांब. त्यात कित्येक दिवस जातात. मग गुडघाभर उंचीचा, वर सपाट असलेला मातीचा ढीग. उडी कमी पडली तरी माणूस ढिगाच्या माथ्यावरच उतरतो, खड्ड्यात जात नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा. नवशिका नेमका माथ्यावर घाबरून तो सोडतो, वजन पुढे येतं आणि गाडी नाकावर पडायला लागते. टेकताना बहुधा मागचं चाक किंचित आधी, आणि गुडघ्यांनी उरलेला धक्का गिळायचा.

हवेतली गंमत मुलांना नक्की सांगा. चाकं अधांतरी असतानाही गाडीचं नाक वर-खाली करता येतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागचं चाक जोरात फिरतं आणि बाकीची गाडी उलट दिशेला वळू पाहते, म्हणजे नाक वर. मागचा ब्रेक दाबला की नाक खाली. शाळेत हे दाखवता येतं: ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर बसा, पाय वर घ्या, सायकलचं सुटं चाक आडवं धरा आणि हाताने जोरात फिरवा. खुर्ची उलटी फिरते. (मुख्याध्यापकांची खुर्ची असेल तर आधी परवानगी घ्या.)

निष्णात माणसांनाही यात मार बसतो. डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष. 2021 च्या डकारमध्ये पडून त्यांच्या डोक्याला गंभीर मार लागला. अंगावर चिलखतासारखी सगळी सुरक्षा साधनं असताना! आपला मुलगा चप्पल घालून जातो.

पालकांसाठी कायद्याचंही सांगते. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स 18 वर्षांनंतरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. खरंच आवड असेल तर मोटोक्रॉस स्पर्धांत लहान मुलांसाठी छोट्या गाड्यांचे वेगळे गट असतात. खर्चिक आहे, पण तिथे बंद ट्रॅक, प्रशिक्षक आणि रुग्णवाहिका असते.

आणि सड्यावर गाडी घालण्याआधी पायाखाली बघायला शिकवा. उक्षीचा कोरलेला हत्ती सड्यावरच आहे. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. काही अजून मातीखाली झाकलेली असू शकतात, आणि मागचं चाक जागेवर फिरलं की आधी तीच माती उडते.