प्रोसेसर बदलावा की मेमरी वाढवावी?



मी आज तुम्हाला संगणकाच्या दोन भागांची माहिती सांगणार आहे. ही माहिती आम्हाला घरीच मिळाली, पण त्यासाठी अण्णांना दोन वेळा एसटीने जावं लागलं.

आमच्या घरी एक जुना संगणक आहे. मामाने नवीन घेतला तेव्हा हा ताईला दिला. ताई बारावीला आहे. ती त्यावर टायपिंग शिकते आणि गल्लीतल्या लोकांचे अर्ज भरून देते. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते त्यावर दुधाचा हिशेब ठेवतात. पण हा संगणक फार हळू चालू लागला. काही उघडायला गेलं की नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. ताई म्हणायची, "एवढ्यात तर म्हशीची धार काढून होईल."

एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "प्रोसेसर जुना झालाय. नवीन बसवा. पंधरा हजार लागतील."

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्या परंडा तालुक्यात अतिवृष्टी झाली. सीना नदीला मोठा पूर आला. आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. अण्णा म्हणाले, "औंदा एवढे पैसे कुठून आणायचे? दोन हजारांत काय होतंय का बघा. न्हाई तर राहू द्या तसाच." ताईचा चेहरा उतरला. मग आम्ही दोघींनी ठरवलं, नक्की काय बिघडलंय ते आधी बघायचं.

संगणकाच्या आत काय असतं?

प्रोसेसर म्हणजे काम करणारा. तो आईच्या हातांसारखा आहे. मेमरी म्हणजे रॅम. ती काटवटीसारखी आणि चुलीपुढच्या जागेसारखी आहे. चालू काम तिच्यावर मांडलेलं असतं. डिस्क म्हणजे माजघरातली कणगी. तिच्यात सगळं साठवलेलं असतं. लाईट गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, पण डिस्कमधलं राहतं. म्हणून लिहिलेलं मधूनमधून सेव्ह करावं लागतं.

आता येळवशीच्या आदली रात्र आठवा. भज्जी, उंडे, आंबील, भाकरी, सगळं एकदम चालू असतं. आईचे हात तेच असतात, पण चुलीपुढे जागाच उरत नाही. मग मी एकेक पातेलं माजघरात नेऊन ठेवते आणि लागलं की परत आणते. तोपर्यंत आई नुसती बसून राहते. अशा वेळी आईला म्हणायचं का, "तुझे हात हळू आहेत"? जागा वाढवली पाहिजे.

संगणकाचं तसंच होतं. मेमरी भरली की तो थोडं काम डिस्कवर ठेवतो आणि लागलं की परत आणतो. डिस्क मेमरीपेक्षा फार हळू असते. म्हणून प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो.

मोजून कसं बघायचं?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोण किती टक्के कामात आहे ते दिसतं. ताईने नेहमीचं सगळं काम उघडलं आणि मी आकडे वहीत लिहिले. प्रोसेसर ३० टक्के, मेमरी ९४ टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणजे प्रोसेसर मोकळाच होता! आमची मेमरी फक्त ४ जीबी होती. ती भरली होती.

मेमरीत जागा असेल आणि प्रोसेसरच सारखा १०० टक्के दाखवत असेल, तर मात्र प्रोसेसर कमी पडतोय असं समजावं.

प्रोसेसर का नाही बदलला?

प्रोसेसर मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पट्टीवर बसतो. बसायच्या जागेला सॉकेट म्हणतात. आमच्या सॉकेटला ११५० टोकं आहेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरला १७०० टोकांचा सॉकेट लागतो. तो आमच्या बोर्डावर बसणारच नाही. मग बोर्ड नवीन घ्यायचा, आणि नवीन बोर्डाला जुनी मेमरी चालत नाही, म्हणून मेमरीही नवीन घ्यायची. एक बदलायला गेलं की तीन बदलावे लागतात. पंधरा हजार त्यामुळे होत होते.

मेमरीसाठी बोर्डावर दोन खाचा होत्या. एक रिकामी होती. तिथे आणखी ४ जीबीची पट्टी बसवली की ८ जीबी होणार. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन्हींकडून एकदम माहिती घेता येते, हा आणखी फायदा.

माझी चूक

बाजाराची चिठ्ठी मी लिहिली. तिच्यात फक्त "४ जीबी मेमरी" एवढंच लिहिलं. अण्णा बार्शीला जाऊन पट्टी घेऊन आले. ती बसेना! आमची मेमरी डीडीआर-३ जातीची आणि आणलेली डीडीआर-४ ची. डीडीआर-३ च्या पट्टीला २४० टोकं असतात, डीडीआर-४ ला २८८. मधली खाचही वेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती तशी ठेवलेली असते. ताई म्हणाली, "दाबू नगंस, मोडंल." मला रडू आलं. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "आता नीट लिही. मी परवा जातो."

दुसऱ्या चिठ्ठीत मी असं लिहिलं: डीडीआर-३, ४ जीबी, वेग १६००, घरच्या मोठ्या संगणकाची. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, म्हणून शेवटचं लिहिणं जरुरीचं आहे. वेग सारखा का घ्यायचा? बैलजोडीत एक बैल हळू चालला तर दुसऱ्यालाही त्याच्याच चालीने चालावं लागतं. मेमरीचंही तसंच आहे. ताईने आणखी एक तपासलं. आमचं विंडोज ६४ बिटचं आहे. ३२ बिटचं असतं तर त्याला ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरताच आली नसती.

२०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव जगभर वाढले, कारण एआयच्या मोठमोठ्या संगणक केंद्रांना पुष्कळ मेमरी लागते. म्हणून अण्णांनी वापरलेली पट्टी घेतली. पहिली परत देऊन वर थोडे पैसे उरले. पावतीही घेतली.

पट्टी बसवताना

संगणक बंद करून वायर काढली. ताईने आधी लोखंडी डब्याला हात लावला, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. पट्टी कडेने धरली, खाच जुळवली आणि दोन्ही टोकांवर सारखं दाबलं. कट् असा आवाज झाला. चालू केल्यावर ८ जीबी दिसले! नेहमीचं काम उघडलं तर मेमरी ५५ टक्के. गोल चक्र लगेच थांबतं आता.

एक गोष्ट मात्र मेमरीने सुटली नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली आणि विंडोज ११ आमच्या जुन्या प्रोसेसरला चालवत नाही. म्हणून बँकेचं काम या संगणकावर करायचं नाही असं आम्ही ठरवलंय. पुढे पैसे साठले की प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी तिन्ही एकदम घेऊ.

तुम्हाला माहीत आहे का? पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. डॉ. विजय भटकर त्या कामाचे प्रमुख होते. त्यात एकच मोठा प्रोसेसर नव्हता. ६४ प्रोसेसर मिळून काम करायचे, आणि प्रत्येकाजवळ त्याची स्वतःची मेमरी होती. एवढ्या मोठ्या संगणकालासुद्धा हात आणि काटवट दोन्ही लागतात.

म्हणून मित्रांनो, कोणी म्हणाला "हे बदला", तर लगेच हो म्हणू नका. आधी मोजा. जे कमी पडतंय तेच घ्या. आणि चिठ्ठी पूर्ण लिहा, नाहीतर माझ्यासारखं होईल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी