दुहेरी बूट

दुहेरी बूट किंवा ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन स्वतंत्र कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याची व्यवस्था होय. एका वेळी एकच कार्यप्रणाली चालते आणि त्या काळात संगणकाचा प्रक्रियक, स्मृती व इतर यंत्रसामग्री पूर्णपणे तिच्याच ताब्यात असते. दुसरीकडे जायचे असल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. दोनांहून अधिक कार्यप्रणाली असल्यास त्यास बहुबूट किंवा मल्टिबूट म्हणतात. घरगुती संगणकांवर विंडोज आणि लिनक्स ही जोडी सर्वाधिक आढळते.

बूट हे बूटस्ट्रॅप या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. बूटस्ट्रॅप म्हणजे बूट पायात चढवताना ओढण्यासाठी असलेला मागचा पट्टा. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलावे, तसा संगणक आधी एक छोटा प्रोग्राम चालवतो आणि तो प्रोग्राम मोठी कार्यप्रणाली स्मृतीत आणतो, अशी या शब्दामागील कल्पना आहे.

उपयोग

ज्या व्यक्तीस दोन्ही कार्यप्रणालींची खरोखर गरज आहे, पण दुसरा संगणक घेणे परवडत नाही, तिच्यासाठी ही व्यवस्था सोयीची ठरते. अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी लिनक्स लागते, तर इतर कामांसाठी विंडोज हवे असते. मराठी मुद्रणाच्या व्यवसायात वापरली जाणारी श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात. त्यामुळे अक्षरजुळणीचे काम करणाऱ्यांना इतर कामांसाठी लिनक्स आवडत असले, तरी विंडोज काढून टाकता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने अनेक जुने, पण सुस्थितीतील संगणक त्या आवृत्तीस पात्र ठरत नाहीत. अशा संगणकांवर जुने विंडोज जुन्या कामांपुरते ठेवून इंटरनेटच्या वापरासाठी लिनक्स स्थापित करणे, हाही दुहेरी बूटचा एक उपयोग आहे.

इतिहास

१९८३ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी आलेल्या डॉस २.० या आवृत्तीने हार्ड डिस्कचे विभाग पाडण्याची सोय दिली. एका डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणाली नांदू शकण्याची मूळ सोय येथे झाली. १९९२ साली आयबीएमच्या ओएस/२ २.० सोबत बूट मॅनेजर हा निवड-प्रोग्राम आला. १९९३ च्या विंडोज एनटीमध्येही डॉस किंवा एनटी निवडण्याची यादी होती.

लिनक्सचा पहिला अवतार १९९१ चा. त्याच्या आरंभकाळात बहुतेक वापरकर्त्यांच्या संगणकावर डॉस किंवा विंडोज आधीपासून असे. म्हणून लिनक्सच्या प्रसारात दुहेरी बूटचा वाटा मोठा आहे. प्रथम लिलो हा बूट लोडर प्रचलित होता. १९९५ साली एरिक बोलिन यांनी लिहिण्यास सुरुवात केलेला ग्रब हा प्रोग्राम पुढे ग्नू प्रकल्पात समाविष्ट झाला आणि आज बहुतेक लिनक्स वितरणांमध्ये तोच वापरला जातो.

अ‍ॅपल कंपनीने २००६ साली इंटेल प्रक्रियकांचे मॅक संगणक आणल्यानंतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये बूट कॅम्प हे साधन चाचणीसाठी खुले केले. त्याद्वारे मॅकवर विंडोज स्थापित करता येई. २०२० पासून आलेल्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रक्रियकांवर बूट कॅम्प चालत नाही.

कार्यपद्धती

संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वप्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर चालते. ते यंत्रसामग्रीची तपासणी करून बूट लोडर शोधते आणि बूट लोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, स्मृतीत आणतो. दोनांपैकी कोणती कार्यप्रणाली सुरू करायची हा निर्णय बूट लोडरच्या टप्प्यावर होतो. हा शोध घेण्याच्या दोन पद्धती आहेत.

जुन्या संगणकांतील बायॉस हे फर्मवेअर डिस्कचा पहिला, ५१२ बाइटांचा खंड वाचते. यास मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर म्हणतात. त्यातील ६४ बाइटांत विभागांचा तक्ता असतो. प्रत्येक नोंदीस १६ बाइट लागत असल्याने तक्त्यात चारच मुख्य विभाग मावतात. अधिक विभाग हवे असल्यास एक मुख्य विभाग विस्तारित करून त्यात उपविभाग पाडावे लागतात. या पद्धतीत सुमारे २ टेराबाइटांपलीकडची जागा सर्वसाधारण डिस्कवर वापरता येत नाही. बूट लोडरची सुरुवात करून देणारा प्रोग्रामही याच एका खंडात राहतो. त्यामुळे जी कार्यप्रणाली शेवटी स्थापित होते तिचा प्रोग्राम आधीच्यावर लिहिला जातो.

नव्या संगणकांत यूईएफआय हे फर्मवेअर असते. त्यासोबत जीपीटी हा विभाग-तक्ता वापरला जातो. त्यात सर्वसाधारणपणे १२८ नोंदींची सोय असून तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. बूट लोडरसाठी ईएफआय सिस्टीम पार्टिशन हा फॅट३२ पद्धतीचा लहान विभाग असतो. प्रत्येक कार्यप्रणाली त्यात स्वतःची वेगळी फोल्डर तयार करते, त्यामुळे एकीची फाइल दुसरीच्या फाइलवर लिहिली जाण्याचा प्रसंग सहसा येत नाही. कोणता बूट लोडर आधी चालवायचा याचा क्रम फर्मवेअरच्या स्मृतीत नोंदलेला असतो.

दोन्ही कार्यप्रणाली एकाच पद्धतीने स्थापित होणे महत्त्वाचे आहे. विंडोज यूईएफआय पद्धतीने आणि लिनक्स जुन्या बायॉस पद्धतीने स्थापित झाल्यास ग्रबच्या यादीतून विंडोज सुरू करता येत नाही.

स्थापनेचा क्रम

प्रथम विंडोज आणि नंतर लिनक्स हा क्रम प्रचलित आहे. विंडोजची स्थापना इतर कार्यप्रणालींची दखल घेत नाही, तर लिनक्सची स्थापना विंडोजचा शोध घेऊन त्याची नोंद ग्रबच्या यादीत करते. स्थापनेचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. प्रत घेणे : सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते. विभाग लहान-मोठे करताना वीज गेल्यास किंवा चुकीचा विभाग निवडला गेल्यास माहिती कायमची नष्ट होऊ शकते. प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवल्यास तिचा उपयोग होत नाही.

२. जागा मोकळी करणे : विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट या साधनाने विंडोजचा विभाग आकसवला जातो. काही फाइली जागेवरून हलवता येत नसल्याने डिस्कवर मोकळी जागा असूनही विभाग अपेक्षेपेक्षा कमी आकसतो. उबुंटू या लिनक्स वितरणासाठी किमान २५ गिगाबाइट जागा सुचवली जाते. मोकळी झालेली जागा विंडोजमध्ये फॉरमॅट न करता तशीच ठेवली जाते.

३. फास्ट स्टार्टअप बंद करणे : याचे कारण पुढे दिले आहे.

४. यूएसबी तयार करणे : लिनक्सची प्रतिमा-फाइल पेन ड्राइव्हवर विशिष्ट साधनाने लिहिली जाते. ती नुसती नकलून ठेवणे सहसा पुरत नाही. लिहिताना पेन ड्राइव्हवरील आधीची माहिती पुसली जाते.

५. चाचणी : बहुतेक वितरणे स्थापना न करता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. वाय-फाय, ध्वनी आणि पडदा नीट चालतो की नाही हे याच वेळी तपासता येते.

६. स्थापना : स्थापनेच्या वेळी विंडोज शेजारी ठेवण्याचा पर्याय निवडला जातो. संपूर्ण डिस्क पुसून स्थापित करण्याचा पर्यायही त्याच पडद्यावर असतो. तो अनवधानाने निवडला जाणे हे माहिती गमावण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

स्थापना पूर्ण झाल्यावर संगणक सुरू करताना ग्रबची यादी दिसते आणि काही सेकंदांत निवड न केल्यास पहिली नोंद आपोआप सुरू होते. यूईएफआय संगणकावर यादी न दिसता थेट विंडोज सुरू झाल्यास, फर्मवेअरच्या मांडणीत जाऊन बूटचा क्रम बदलणे पुरते. २०२१ च्या ग्रब २.०६ या आवृत्तीपासून इतर कार्यप्रणालींचा आपोआप शोध सुरक्षेच्या कारणास्तव मूलतः बंद ठेवलेला आहे. त्यामुळे काही वितरणांत विंडोजची नोंद दिसण्यासाठी तो शोध सुरू करावा लागतो.

फाइलींची देवाणघेवाण आणि मराठी मजकूर

विंडोज एनटीएफएस ही फाइलप्रणाली वापरते, तर लिनक्समध्ये सहसा ईएक्सटी४ असते. लिनक्सला एनटीएफएस विभाग वाचता व लिहिता येतो. विंडोजला मात्र ईएक्सटी४ विभाग वाचण्याची अंगभूत सोय नाही. यासाठी दोन्हींकडून उघडता येणारा एक वेगळा एनटीएफएस विभाग सामायिक दस्तऐवजांसाठी ठेवला जातो.

युनिकोडमध्ये लिहिलेला मराठी मजकूर दोन्हीकडे सारखाच वाचता येतो आणि इनस्क्रिप्ट कळफलकही दोन्हीकडे उपलब्ध आहे. युनिकोडपूर्व फॉण्टांमध्ये टंकलिखित केलेला मजकूर मात्र तो विशिष्ट फॉण्ट नसल्यास निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या रूपात दिसतो. हा दोष लिनक्सचा किंवा दुहेरी बूटचा नसून मजकुराच्या संकेतनाचा आहे. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यास ही अडचण कायमची दूर होते.

नेहमीच्या अडचणी

घड्याळातील फरक : मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज गृहीत धरते, तर लिनक्स त्या घड्याळात जागतिक समन्वित वेळ ठेवते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. त्यामुळे लिनक्स वापरून झाल्यावर, दुपारचे ३ वाजले असता विंडोज सकाळचे ९:३० दाखवू शकते. उलट विंडोजने घड्याळ दुरुस्त केल्यानंतर लिनक्स त्याच वेळी रात्रीचे ८:३० दाखवेल. घड्याळ बिघडलेले नसते. दोघींपैकी एका कार्यप्रणालीची पद्धत दुसरीप्रमाणे करून घेतली की फरक नाहीसा होतो.

फास्ट स्टार्टअप : विंडोज ८ पासून आलेल्या या सुविधेत संगणक बंद करताना कर्नेलची स्थिती डिस्कवर साठवली जाते. म्हणजे विंडोज पूर्णपणे बंद झालेले नसते आणि त्याच्या विभागाची जुनी स्थिती त्याच्या लक्षात असते. अशा वेळी लिनक्समधून त्या विभागात लिहिल्यास फाइलप्रणाली बिघडू शकते. म्हणून लिनक्स असा विभाग बहुधा केवळ वाचण्यापुरताच उघडते.

बिटलॉकर : अनेक नव्या संगणकांवर विंडोजचा विभाग कूटबद्ध असतो. बूटच्या मांडणीत बदल झाल्याचे आढळताच बिटलॉकर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ विचारतो. ती उपलब्ध नसल्यास विभागातील माहिती परत मिळवता येत नाही. म्हणून स्थापनेस हात घालण्यापूर्वी ही कळ लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे.

सिक्युअर बूट : या सुविधेमुळे विश्वासार्ह स्वाक्षरी असलेलाच बूट लोडर चालतो. लिनक्सची प्रमुख वितरणे त्यासाठी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला शिम हा छोटा प्रोग्राम वापरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अद्यतनाने सदोष जुने बूट लोडर बाद ठरवले. दुहेरी बूट असलेल्या संगणकांना ते लागू होऊ नये असा हेतू होता. परंतु काही संगणकांवर दुहेरी बूट ओळखलाच गेला नाही आणि तेथील लिनक्स सुरू होईनासे झाले. सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून ही अडचण सोडवता येत होती.

व्यवस्था काढून टाकणे

लिनक्स नको असल्यास त्याचा विभाग थेट पुसून टाकणे धोक्याचे ठरते. ग्रबचा आरंभीचा भाग लिनक्सच्या विभागाबाहेर असला तरी त्याच्या उर्वरित फाइली त्याच विभागात असतात. विभाग पुसल्यावर ग्रब अर्धवट सुरू होऊन थांबतो आणि विंडोजही सुरू होत नाही. विंडोजमधील माहिती अशा वेळी सुरक्षित असते, हरवलेला असतो तो केवळ तिथवर जाण्याचा मार्ग. यूईएफआय संगणकावर बूटचा क्रम बदलून विंडोजचा बूट लोडर पहिला करावा लागतो, तर बायॉस संगणकावर विंडोजच्या स्थापना-डिस्कवरून मास्टर बूट रेकॉर्ड दुरुस्त करावा लागतो. हे काम आधी करून मगच विभाग पुसणे सुरक्षित आहे.

पर्याय

आभासी यंत्रामध्ये, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनमध्ये, एक कार्यप्रणाली दुसरीच्या आत चालते. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही आणि डिस्कचे विभाग बदलावे लागत नाहीत; परंतु स्मृती दोघींत वाटली जाते, त्यामुळे कमी क्षमतेच्या संगणकावर दोन्ही मंद चालतात. २०१६ साली विंडोज १० मध्ये आलेल्या डब्ल्यूएसएल या सुविधेने विंडोजमध्येच लिनक्सचे प्रोग्राम चालवता येतात. केवळ प्रोग्रामिंग शिकण्यासाठी लिनक्स हवे असल्यास ती बहुधा पुरेशी ठरते. ज्या संगणकात दोन डिस्क बसवता येतात, तेथे प्रत्येक कार्यप्रणालीस स्वतंत्र डिस्क व स्वतंत्र बूट लोडर देणे हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. स्थापनेच्या वेळी दुसरी डिस्क काढून ठेवली, तर एकीच्या चुकीमुळे दुसरीची माहिती नष्ट होण्याचा संभव उरत नाही.