स्वच्छ दिसणारी बाटली

डाळिंबाची बाग पूर्वापार गुटी कलमांवर उभी राहते. मातृवृक्षाच्या फांदीलाच मुळे फुटत असल्याने ‘भगवा’ वाणाचे गुण जसेच्या तसे उतरतात. पण त्या फांदीत तेल्या रोगाचे जिवाणू असतील, तर तेही कलमासोबत नव्या बागेत पोचतात. हा धोका टळावा म्हणून शेतकरी ऊतीसंवर्धित रोपाला जास्त पैसे मोजतो. तो खरोखर टळतो का, हे प्रयोगशाळेतल्या शिस्तीवर ठरते.

आमचे काम एका डोळ्याच्या पेरापासून सुरू होते. सोडियम हायपोक्लोराइटसारख्या द्रावणात धुतलेले पेर आम्ही बाटलीतल्या माध्यमावर ठेवतो. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 साली मांडलेल्या या माध्यमात क्षार, जीवनसत्त्वे आणि लिटरला 30 ग्रॅम साखर असते. दाबाखालच्या वाफेत, 121 अंश सेल्सियसला ते निर्जंतुक केलेले असते. बुरशी आलीच, तर थोड्याच दिवसांत कापसासारखी दिसते आणि बाटली टाकून देता येते. मला खरी धास्ती वाटते ती पेराच्या आत, पेशींमधल्या जागेत राहणाऱ्या जिवाणूंची. वरून धुणारे द्रावण तिथवर पोचत नाही. शिवाय माध्यम वनस्पतीसाठी बेतलेले. त्यावर काही जिवाणू कित्येक महिने डोळ्यांना दिसण्याइतके वाढतच नाहीत.

तोवर गुणन चालूच असते. दर खेपेला एका फुटव्याचे तीन धरले, तर सहा खेपांनंतर 729 होतात. पहिलाच दूषित असेल, तर हे सारे दूषित. हत्यारांवरूनही संसर्ग पसरतो. बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. चिमटा चांगला तापवावाच लागतो.

सेफोटॅक्सिमसारखे प्रतिजैविक घातले की गढूळपणा थांबतो, पण पुष्कळदा जिवाणू नुसते दबलेले असतात. औषध काढले की पुन्हा डोके वर काढतात. मात्रा वाढवली, तर फुटव्यांचीच वाढ खुंटते.

म्हणून गुणनाआधीच फुटव्याच्या बुडाचा तुकडा चिरून मी न्यूट्रिअंट अगारवर ठेवतो आणि पुढेही ठरावीक खेपांनी तपासतो. जिवाणूंची वसाहत उगवली, की त्या पेराची सगळी संतती बाद. सगळेच जिवाणू या अगारवर उगवत नाहीत, म्हणून मातृवृक्षाची तेल्यासाठी पीसीआर चाचणी वेगळी लागते.

रोपे घेताना शेतकऱ्याने या दोन्ही तपासण्यांची विचारणा जरूर करावी. मात्र निरोगी रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. शेजारच्या बागेतला तेल्या पावसाच्या शिंतोड्यांबरोबर त्यावरही येऊ शकतो.